शेणकिड्याच्या चित्राखालचं नाव

पुण्यातल्या आमच्या कीटक विभागाचे किस्से माझ्याकडे ढिगानं साठलेत. लोक ऐकून हसतात. माझं मात्र अजून डोकं भणभणतं.

*

शेजारच्या टेबलावरच्या शेखसाहेबांच्या मेहुण्यांचं नैरोबीला दुकान होतं. त्यांनी टॉफीच्या डब्यातून तिकडचे शेणकिडे पाठवले. आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आपल्याकडे शेणाला तोटा आहे का, आफ्रिकेतून मागवायला?"

शेखसाहेब म्हणाले, "शेण इथलंच वापरू, सर. किडे तेवढे बाहेरचे."

*

त्यातला एक किडा कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं आणि सरांना सांगितलं, नवी जात आहे. दुपारी ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मला नवी जात सापडलीय." डबा त्यांनी तोवर उघडलाही नव्हता!

*

या किड्यांची शिंगं फसवतात. अळीला शेण भरपूर मिळालं तर मोठी होतात, नाहीतर खुरटी. जात खात्रीनं ओळखायची तर नराचं जननेंद्रिय सोडवून त्याचं चित्र काढावं लागतं. मायक्रोस्कोपला डोळे लावून मी ते काढलं आणि खाली माझं नाव घातलं. सरांचे कान लाल झाले.

"अहो बाई, असल्या चित्राखाली बाईमाणसाचं नाव बरं दिसतं का?"

"मग चित्र काढून टाकू?"

"छे, चित्र हवंच. नाव काढा."

*

नव्या जातीवरचा लेख संशोधन नियतकालिकाच्या अंकात छापून आला. चित्राखाली सरांचं नाव. शेवटी माझे आभार मानले होते, टायपिंगबद्दल. मला टायपिंग येत नाही. अंगाची नुसती लाही लाही झाली.

शेखसाहेबांनी चहा पुढे सरकवला. "घ्या बाई, थंड होतोय."

"होऊ दे. मी होणार नाही."

*

मग सरांचा सत्कार ठरला. आयोजकांनी लेखातली दोन चित्रं दाराएवढी मोठी करून व्यासपीठामागे लावली. एक अख्खा किडा आणि दुसरं, दिसायला सुबक म्हणून, नराचं ते. प्रमुख पाहुण्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा सावरला आणि माइकवरूनच विचारलं, "सर, हे दुसरं काय आहे हो?"

"शिंग," सर म्हणाले.

"मग पहिल्या चित्रात डोक्यावर आहे ते?"

सरांनी घाम पुसत मला रांगांमध्ये शोधलं. "बाई, जरा तुम्ही सांगता का?"

मी उभी राहिले. "चित्राखाली आपलं नाव आहे, सर. आपणच सांगा."