साड्यांच्या गठ्ठ्यात अडकलेली गोळी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि पीएसआय म्हणून निवृत्त झालो. नोकरीत माझं लिहिणं म्हणजे पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरी. आता या वयात बी.ए.च्या वर्गात बसतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे हे नीट मांडता येईल की नाही याची धाकधूक आहे. जसं घडलं तसं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

तेव्हा मी बंगळूरला, चिकपेट बाजाराजवळच्या ठाण्यात होतो. हद्दीत साड्यांचे एक घाऊक व्यापारी होते; त्यांना मी शेठ म्हणतो. आजोबांच्या काळात निपाणीकडून आलेलं घराणं. घरात मराठी, दुकानात कन्नड. त्यांना फोनवरून दोनदा धमकी आली, म्हणून त्यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला आणि चौकशीचा कागद माझ्या टेबलावर आला. मी घरी गेलो, शेजाऱ्यांना विचारलं, जुन्या नोंदी तपासल्या. वावगं काही सापडलं नाही. शेठ मला 'भाऊसाहेब' म्हणायचे, स्वतः उठून खुर्ची द्यायचे. मी शिफारस केली. त्या खुर्चीचा माझ्या शिफारशीवर किती परिणाम झाला, हे आज मला सांगता येणार नाही.

परवाना मिळाल्यावर ते शहराबाहेरच्या एका नेमबाजी केंद्रात शिकायला जाऊ लागले. तिथले प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, बेळगावकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझा स्वतःचा नेम वार्षिक परीक्षेत जेमतेम पास होण्याइतकाच, म्हणून काही रविवार मीही अण्णांकडे जायचो. आमच्या ठाण्याची लिखापढी बघणाऱ्या रायटर, एक हेड कॉन्स्टेबल अक्का, मला म्हणायच्या, "सर, चोर पळत असला तर तुम्ही गोळी मारू नका. बूट फेकून मारा, जास्त चान्स आहे."

शेठनी आणलेलं रिव्हॉल्व्हर अण्णांना पहिल्याच दिवशी पटलं नाही. मोठं, जड, लांब नळीचं. शेठचा हात लहान, बोटं आखूड.

"शेठ, चप्पल घेताना पायात घालून बघता ना? मग हे हातात धरून बघायला नको?"

"धरूनच घेतलं की अण्णा. असं पाहिजे की समोरच्याला बघूनच कळलं पाहिजे."

"समोरच्याला कळायच्या आधी तुमच्या मनगटाला कळंल."

तसंच झालं. शेठचं बोट चापापर्यंत कसंबसं पोचायचं. सगळा जोर लावून चाप ओढला की नळी खाली जायची आणि कागदावर भोक खालच्या कडेला पडायचं. अण्णा सांगून थकले की चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. गोळी कधी सुटली हे आपलं आपल्यालाही कळता कामा नये. शेवटी त्यांनी एक उपाय शिकवला. रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरायचं, डाव्या अंगठ्याने मागचा घोडा ओढून घ्यायचा आणि मग चाप दाबायचा. तसं केलं की चाप हलका होतो. आम्ही पोलीस पिस्तूल वापरायचो, म्हणून ही वेगळी पद्धत माझ्या लक्षात राहिली. शेठनी पाच महिने एकही रविवार चुकवला नाही. नेम थोडा सुधारला, पण गोळ्या जायच्या खालीच.

मग एका बुधवारी, एकच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत, कंट्रोल रूमचा निरोप आला : साड्यांच्या दुकानात गोळीबार. मी पोचलो तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. शेठ गादीवर बसले होते, चेहरा पांढराफटक. नोकर वर माळ्यावर जेवायला गेले होते. शेठचं म्हणणं असं, की स्कूटरवर दोघं आले, डोक्यावर हेल्मेट. मागच्याने दारातूनच गोळी झाडली आणि पळाले. गोळी मागच्या रॅकवर, खालून दुसऱ्या खणातल्या साड्यांच्या गठ्ठ्यात शिरली होती. पंचांसमोर आम्ही घडी-घडी उलगडून ती काढली. रिकामं काडतूस कुठेच पडलेलं नव्हतं. पिस्तूल असतं तर ते बाहेर उडून पडलं असतं, म्हणून झाडणाऱ्याकडे रिव्हॉल्व्हर किंवा गावठी कट्टा असावा असं मी धरलं.

गल्लीत विचारलं. एकाने काळी स्कूटर पाहिली होती, दुसऱ्याने लाल, तिसऱ्याने मोटारसायकल. लोक खोटं बोलत नव्हते. पोलिसाने विचारलं की आपण काहीतरी पाहिलेलं असावं असं माणसाला वाटू लागतं.

"तुमचं रिव्हॉल्व्हर कुठे आहे?" मी शेठना विचारलं.

"घरी, कपाटात. इतकं शिकून वेळेला उपयोग नाही झाला बघा, भाऊसाहेब."

मी मान हलवली. ते तेव्हाच मागवून घ्यायला हवं होतं. नाही मागवलं.

जबाबात शेठनी एका माणसावर संशय घेतला. त्यांच्याच दुकानातला जुना सेल्समन. आठ महिन्यांपूर्वी गिऱ्हाइकांसमोर भांडण होऊन तो नोकरी सोडून गेला होता आणि जाताना "बघून घेतो" म्हणाला होता. ते ऐकणारे नोकर हजर होते. आता तो व्हाइटफील्डला एका कंपनीची कॅब चालवत होता. दुपारी आम्ही त्याला कंपनीच्या गेटवरच उचललं. गाडीत तीन कर्मचारी बसले होते. तो एवढंच म्हणाला, "सर, गाडी तरी बाजूला लावू द्या की. मागं लाइन लागलीय."

ठाण्यात आणून विचारलं, एक वाजता कुठे होतास?

"झोपलो होतो, सर. गाडीत."

"कुठे?"

"मेट्रोच्या खांबाशेजारी... नाही, खांबाच्या पुढं, झाड आहे तिथं."

"खांब की झाड?"

"दोन्ही हाय ओ तिथं."

"मोबाइल बंद का होता?"

त्याने कपाळ पुसलं. मग म्हणाला, "झोप मोडते म्हणून. नाही, म्हणजे चार्जिंग पण कमी होतं."

"एक कारण सांग."

"दोन असली तर काय करू, सर?"

अक्कांना हसू आलं. मला आलं नाही. मी लिहिलं : उत्तरे विसंगत. तो अडखळत होता, घाम पुसत होता, डोळ्याला डोळा देत नव्हता. शेठचा जबाब सरळ होता, याचा प्रत्येक शब्द वाकडा. पाच वाजता अटक दाखवली. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, "उद्या पाचच्या आत कोर्टात न्या. पोलीस कोठडी मागा, हत्यार काढायचंय." कोठडी मिळाली असती तर त्याची नोकरी त्याच दिवशी संपली असती. गुन्हा दाखल असलेल्या माणसाला कंपनीची कॅब कोण देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठडीच्या अर्जाचा मसुदा लिहीत होतो, तेव्हा अण्णा ठाण्यात आले. पहिल्यांदाच आले होते. टोपी हातात घेऊन उभे.

"स्वल्प बोलायचं होतं, साहेब. माझ्या डोक्यातच आलंय, खरं-खोटं तुम्ही बघा."

"बसा, अण्णा."

"शेठचा काल संध्याकाळी फोन आला. शिकवणी बंद करा म्हणाले. कायमची."

"घाबरले असतील."

"घाबरलेला माणूस जास्त येतो, साहेब. तीस वर्षं बघतोय. ज्याच्यावर गोळी झाडली गेली, तो दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी येऊन उभा राहतो, मला आणखी शिकवा म्हणतो. हे म्हणतात, त्या वस्तूला हात लावणार नाही."

मी त्यांना चहा मागवला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गादीवर बसलेल्या माणसाला दारातून मारलेली गोळी गुडघ्याच्या उंचीवर लागेल का?

अण्णांनी कप खाली ठेवला. "किती खाली?"

मी हाताने दाखवलं.

"माझ्याकडं एकच जण इतकं खाली मारतो," ते म्हणाले, आणि लगेच, "पण मी काय बोललो नाही हं, साहेब."

ते गेल्यावर मी तो मसुदा बाजूला ठेवला. अण्णांचं बोलणं पुरावा नव्हतं. गोळी तपासायला प्रयोगशाळेत जाणार आणि अहवाल यायला कितीतरी आठवडे. माझ्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता. शिवाय मनात एक गोष्ट खुपत होती, ती मान्य करतो : शेठवर संशय घ्यायचा म्हणजे माझ्याच शिफारशीवर संशय घ्यायचा. मी इन्स्पेक्टर साहेबांना अण्णांचं बोलणं आणि माझा संशय सांगितला. ते म्हणाले, "बारा वाजता बोलवा. वस्तू घेऊनच या म्हणावं."

शेठ आले. रिव्हॉल्व्हर कापडात गुंडाळलेलं. उघडलं तर तेलाने चकचकत होतं. कालच्या प्रसंगानंतर त्यांनी घरी जाऊन आधी हे साफ केलं होतं.

मी आवाज चढवला नाही. पुरवणी जबाब लिहायचाय म्हटलं. अक्कांनी कागद घेतला. मी टेबलावरची लाकडी पट्टी त्यांच्या हातात दिली.

"शेठ, तो मागे बसलेला माणूस. त्यानं कसं धरलं होतं, तेवढं दाखवा."

ते उभे राहिले. पट्टी दोन्ही हातांनी धरली, खांदे उचलले. डावा अंगठा वर गेला, हवेत काहीतरी मागे ओढून खाली आला. मग उजवं बोट वळलं आणि मनगट झटक्याने खाली गेलं.

अक्कांचं लिहिणं थांबलं. तेव्हा मला कळलं की त्यांनीही पाहिलं.

"सरी, ठीक आहे," मी म्हणालो. "पुन्हा एकदा."

"तसंच, भाऊसाहेब. झटकन."

"त्याचा डावा अंगठा दिसला तुम्हाला? दारातून?"

"दिसला म्हणजे... अंदाज."

"मग पुन्हा दाखवा."

या वेळी त्यांनी पट्टी एकाच हातात धरली, आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. माणूस न पाहिलेली गोष्ट दाखवायला गेला की त्याचा हात त्याला जे येतं तेच करतो. शेठनी पाणी मागितलं, प्यायले आणि खाली बसले.

मग सगळं बाहेर आलं. गिऱ्हाइकांना साडी अंगावर धरून बघायला मागच्या रॅकच्या वरच्या भागात मोठा आरसा होता. नोकर जेवायला गेले की शेठ त्या आरशासमोर उभे राहून, कमरेचं रिव्हॉल्व्हर काढायचा आणि धरायचा सराव करायचे. गोळ्या काढून ठेवल्यात असं त्यांना वाटलं होतं. आवाज झाला, त्यांनी रिव्हॉल्व्हर गादीखाली सरकवलं, नोकर धावत आले, "काय झालं शेठ?" म्हणाले, आणि तोंडातून निघून गेलं : कोणीतरी गोळी मारली.

"पाच महिने शिकलेला माणूस आरशासमोर स्वतःलाच घाबरवतो, हे कसं सांगू गल्लीत? परवाना गेला असता. हसले असते सगळे."

"आणि तो पोरगा?" मी विचारलं. "त्याचं नाव का घेतलंत?"

शेठनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, खरोखरच आश्चर्य होतं.

"तुम्ही विचारलंत ना, भाऊसाहेब. कोणावर संशय आहे, म्हणून. दोनदा विचारलंत. नाही म्हणालो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, काहीतरी लपवतोय."

हे वाक्य अक्कांनी लिहून घेतलं नाही. मी लिहायला सांगितलं.

रिव्हॉल्व्हर जप्त केलं. शेठवर निष्काळजीपणे गोळी झाडल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा नोंदवला, परवाना रद्द करण्यासाठी अहवाल पाठवला. साडेचार वाजता त्या ड्रायव्हरला कोर्टात नेलं, पण कोठडी न मागता, सुटकेच्या अहवालासह. न्यायाधीशांनी मला दोन-तीन कडक प्रश्न विचारले. ते बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन व्हाइटफील्डला गेलो, त्याच्या कॅब सुपरवायझरकडे. पत्र दिलं, तोंडानेही सांगितलं की याचा काही संबंध नाही. सुपरवायझर नम्रपणे म्हणाला, "सर, पोलीस स्वतः युनिफॉर्ममध्ये येऊन निर्दोष म्हणतात, म्हणजे काहीतरी असणारच ना?" ड्रायव्हरचं ओळखपत्र त्यांनी आधीच बंद केलं होतं. ते पुन्हा चालू झालं नाही. पुढे त्याला दुसरीकडे गाडी मिळाली, पण तीन महिन्यांनी.

या प्रकरणाने मला बंदुकीबद्दल थोडं शिकवलं आणि माझ्या कामाबद्दल बरंच. ज्याचा जबाब सरळ, तो खरा, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. पोलिसासमोर खरी माणसंही अडखळतातच. मीही माझ्या वरिष्ठांपुढे आयुष्यभर अडखळलो. पुढे नोकरीत होतो तोवर फिर्यादीला मी आधी 'काय पाहिलंत' एवढंच विचारायचो. संशयाचा प्रश्न शेवटी, आणि एकदाच. उत्तर 'माहीत नाही' आलं तर तसंच लिहायचो.

सुपरवायझरच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. समोरून कॅबमागून कॅब जात होत्या. तो त्यांच्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"सर, एक विचारू? शेठशी भांडलेली माणसं कमी नाहीत. त्यांनी माझंच नाव का घेतलं?"

मला बरीच उत्तरं देता आली असती.

"मी मागितलं म्हणून," मी म्हणालो.