एका पंखाची तीन पिसं

माझ्या थोरल्या नणंदबाई लाकडी बाण करतात. चाळीस वर्षं घरात पिसं चिकटवायच्या सरसाचा वास आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी नाक मुरडायची. आता तो वास नसला की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वन्संचा एक नियम आहे. बाणाला तिन्ही पिसं एकाच पंखाची लावायची. डाव्या पंखाचं पीस एकीकडे वळतं, उजव्याचं दुसरीकडे. दोन्ही एकत्र आली की सवतींचा संसार. बाण डुलत भलतीकडेच जातो. म्हणून डबे दोन. आणि मी अतिशहाणीने कपाट आवरताना, जागा वाचवायला, दोन्ही एकाच डब्यात ओतले.

आठवड्याने तिरंदाजी शिकवणारे मास्तर बारा बाण परत घेऊन आले. "चार भरकटतात, ताई. तुमच्या डोळ्यांना आता झेपत नाही. यापुढे कारखान्यातून मागवतो."

वन्संचा चेहरा उतरला. मास्तर जिना उतरेपर्यंत मी डब्याचं सगळं सांगून टाकलं. "थांबा, त्यांना हाक मारते. चूक माझी आहे."

"डबे तू मिसळलेस, कबूल. पण चिकटवताना मला दिसलं नाही, ते कुणाच्या माथी मारू?" म्हणाल्या आणि स्वतःच जिन्यात गेल्या. "मास्तर! रविवारी हेच बारा मारून बघा. भरकटले तर कारखान्याचा पत्ता मीच शोधून देते."

मग बाणांची सगळी पिसं सोलली, डबा पुढ्यात घेतला आणि डोळे मिटले. एकेक पीस खालच्या ओठावरून फिरवायचं, वळण ओळखायचं. "डावं. डावं. उजवं." मी तपासत होते. पहिल्या दिवशी नऊ चुकली.

"परत मिसळ."

"अहो, आत्ताच वेगळी केलीत ना!"

"मिसळ म्हणते ना. त्यात तुझा हात कोण धरणार?"

असं रोज चाललं. ओठ सोलवटला, तरी बाई हटेनात. शुक्रवारी एकही चुकलं नाही. मग बाण नव्याने बांधले.

रविवारी मैदानात मास्तरांनी बाराही सोडले. मी श्वास रोखून मोजत होते. बारा बाण एका ताटलीएवढ्या जागेत बसले.

"माफ करा, ताई," मास्तर ओशाळले. "नजर अजून तल्लख आहे तुमची."

माझा जीव भांड्यात पडला. आता गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं! पण छे.

"नजर अधू झालीय, मास्तर. तुमचं खरंच होतं," बाण उपटत वन्सं म्हणाल्या. "पुढचे डझन कधी हवेत?"