कस्तुराबाईने दाखवलेला पाला

मावळात, कान्हे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून असलेल्या वाडीत कस्तुराबाई राहते. विंचू चावला की आसपासची माणसं तिच्याकडे धावत येतात. विंचवावरचा आघाडा काय, शेंबडं पोरही उपटून आणील; कस्तुराबाईचा पाला निराळा. तो उगवतो कुठे, दिसतो कसा, हे वाडीत कुणालाच ठाऊक नाही. आणि ठाऊक होऊ नये म्हणून ही बाई जेवढी खपली तेवढी शेतात खपली असती, तर घरावर माडी चढली असती.

पाला आणायला ती विळा-पाटी घेऊन निघायची, गवताला चालल्यासारखी. येताना पाटीत आणखी दोन-तीन झाडांचा पाला असायचा, उगाचच. सगळं एकत्र वाटायचं, म्हणजे कुणी चोथा उचलून नेला तरी त्याला पत्ता लागू नये. उपटलेल्या जागी ती माती लोटायची, वर शेणाचा पो ठेवायची. पाल्याचं नाव तर तिने कधी तोंडातून काढलं नाही. तिच्या आईने तिला बजावलं होतं, एकालाच दाखवायचा, आणि तोही हातपाय थकल्यावर.

हातपाय आता थकले होते. पण दाखवायचा कुणाला? मुलगा निलेश खंडाळ्याला एका बंगल्यावर ड्रायव्हर. त्याला मेथी आणि शेपूतला फरक कळत नाही. उरली सून, इंदुरी गावची प्रेरणा. कामाला चपळ, बोलायला गोड, आणि तिथेच कस्तुराबाईचं घोडं अडत होतं. एवढी गोड कशाला बोलते? लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला जाते, तिथे म्हणे पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून अंगाला पाले फासून घेतात. त्यात एकदा परसात ती अळवाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढताना दिसली. आज अळू, उद्या आपला पाला, परवा हॉटेलवाल्यांचा टेम्पो डोंगराखाली उभा.

"आत्या, मलाबी दावा की त्यो पाला," प्रेरणा एकदा म्हणाली. "तुमी नसल्यावर कुनी आलं तर?"

नसल्यावर म्हणजे काय, ते कस्तुराबाईने बरोबर ताडलं.

श्रावण सरताना ती सुनेला डोंगरावर घेऊन गेली आणि तिला दुसराच पाला दाखवला. तशाच कातरलेल्या कडांचा, तसाच खडकाच्या सावलीला उगवणारा. खऱ्याचं देठ पेराशी तांबूस असतं आणि मुळी मोडली की कापरासारखा वास येतो. ह्याला ना रंग, ना वास. "नीट बघून ठेव," असंही वर सांगितलं. प्रेरणाने पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि सासूच्या पाया पडली. सून पाया पडली तर माणसाचा जीव कळवळावा. हिचा संशयच वाढला.

हॉटेलात पाला काही पोचला नाही. भाद्रपदात गोवऱ्या काढताना कस्तुराबाईच्याच बोटाला विंचवाने नांगी मारली.

हात खांद्यापर्यंत पेटला, अंगाला घाम फुटला. आळीतल्या बाया गोळा झाल्या, शेजारची शालूबाई सगळ्यांत पुढे. प्रेरणा कुणाला काही न विचारता डोंगराकडे पळाली. परत आली ती धापा टाकत, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, मुठीत पाला. दाखवला होता तोच.

ती पाट्यावर वाटत होती आणि कस्तुराबाई बघत होती. "ह्यो न्हवं" एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण मग खरा कुठला, ते एवढ्या बायांसमोर सांगायचं? सुनेला फसवलं, तेही? तिने ओठ घट्ट मिटले आणि लेप लावून घेतला. कळ वाढतच गेली. शेवटी प्रेरणानेच रिक्षा बोलावून तिला कामशेतच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या इंजेक्शनांनी उतार पडला.

घरी आल्यावर आतल्या खोलीत पडल्या पडल्या तिला ओसरीवरचं बोलणं ऐकू आलं.

"हिच्या पाल्याचा हिलाच गुन न्हाई," शालूबाई म्हणत होती. "मंग इतकी वर्सं आमाला काय गवात लावीत व्हती का काय?"

 कस्तुराबाईचं आयुष्यभर कमावलेलं नाव ओसरीवर मातीत चाललं होतं, आणि आता सून त्यात भर घालणार.

"पाल्याला नावं ठिवू नगा, मावशी," प्रेरणाचा आवाज आला. "आत्यांनी मला नीट दावला व्हता. मीच घाईत दुसरा उपाटला असंन. चूक माजी हाय."

आधी कस्तुराबाईला वाटलं, हा काय नवा डाव? तिने तो सगळ्या बाजूंनी उलथापालथा करून पाहिला. डाव सापडेना. मग मात्र तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

हात वळायला लागल्यावर तिने स्वतःहून सुनेला डोंगरावर नेलं. एका कपारीशी कण्हत बसली, पेराशी तांबूस झालेलं देठ दाखवलं, मुळी मोडून पुढे धरली.

"ह्यो खरा. त्यो मी मुद्दाम खोटा दावला व्हता. भरवसा नव्हता माजा तुज्यावं."

 प्रेरणा डोंगरावर पळत गेली होती, वाडीसमोर चूक अंगावर घेतली होती. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. मुळीकडे तिने हात केला नाही. ती सासूच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली.

"नीट बघून ठेव, असं त्या दिसीबी म्हनला व्हता तुमी," ती म्हणाली. "ह्यो तरी खरा का, ते मी कुनाला इचारू, आत्या?"

 विचारावं असं दुसरं माणूस कस्तुराबाईने साऱ्या मावळात ठेवलं नव्हतं.