दांडा आहे की नाही

त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोचं ऑपरेशन केलं नाही.

आमच्या शुक्रवार पेठेतली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मलेली. बायकोचं गर्भाशय काढायचं ठरलं तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव आमच्या मनातही आलं नाही. त्यांनी माघार का घेतली हे सांगायचं, तर आधी त्यांच्या गाडीबद्दल सांगावं लागेल.

साठी जवळ आली तेव्हा त्यांनी एक जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली. सोलापुरात अशी गाडी सकाळी ऊन तापेपर्यंतच चालवायची. पेठेत म्हणायचे, बाईंनी ऊन विकत घेतलं. त्या हसायच्या, ओढणी डोक्याला घट्ट बांधायच्या आणि निघायच्या.

टप नसलेली गाडी झाकण काढलेल्या डब्यासारखी असते. खड्ड्यात, वळणावर तिचं अंग किंचित मुरडतं. त्यांच्या मिस्त्रीचं म्हणणं होतं की बॉनेटखाली, पुढच्या दोन्ही शॉकॲबसॉर्बरची डोकी जोडणारा एक आडवा लोखंडी दांडा टाकला की हे मुरडणं थांबेल.

"लई फरक पडतो की, मॅडम. गाडी एकजीव होते."

"तू सांगितलंस म्हणून मला तसं वाटणार," बाई म्हणाल्या. "आधी सांगू नकोस."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एखादी पेशंट दुसऱ्या डॉक्टरांचं निदान सांगायला लागली की त्या हात वर करायच्या. आधी सांगू नका, मला बघू द्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण स्वतःलाही तोच नियम लावणारी मी ही एकच पाहिली.

मग असं ठरलं की दर रविवारी सकाळी मिस्त्रीने त्याच्या मर्जीने दांडा लावायचा किंवा काढायचा आणि बॉनेट बंद करायचं. बाई गावाबाहेरच्या चिंचोळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर गाडी फिरवून यायच्या आणि दांडा आहे की नाही ते सांगायच्या. शेजारी मी. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, गाडी चालवता येत नाही. "तुमचं काही मतच नाही, ग्रंथपाल, म्हणून तुम्ही साक्षीदार," त्या म्हणायच्या.

त्या बहुतेक वेळा बरोबर निघाल्या. त्यांचा निकाल असा होता: चांगल्या रस्त्यावर सावकाश जाताना काही फरक नाही. उखडलेल्या रस्त्यावर दांडा असला की स्टेअरिंगची थरथर कमी होते, आणि वेगात वळताना गाडीचं तोंड जरा लवकर वळतं. पण टायर झिजलेले असतील तर दांडा असून नसून सारखाच.

"म्हणजे फरक आहे," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "पण तू सांगतोस तेवढा नाही."

"मॅडमना गुण आला तरी औषधावर शंका," मिस्त्री मला म्हणाला, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रविवार होता. बायकोला दवाखान्यात दाखल केलं होतं. बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. उखडलेल्या रस्त्यावर समोरचा आरसा इतका हलत होता की मागचं काही दिसेना. बाईंची नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

गॅरेजात येऊन त्या म्हणाल्या, "आहे."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाय की, मॅडम. बरोबर."

आरशावरून मला शंका आली होती; मी खाली बघत होतो. बाई उतरल्या आणि त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं. दांडा नव्हता.

"खोटं का बोललास?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. "एकदा चुकलं तर काय झालं, मॅडम. उद्या वहिनींचं ऑपरेशन हाय. तुमचं मन कशाला खराब करायचं."

"उद्या ऑपरेशन आहे म्हणूनच विचारत होते," बाई म्हणाल्या.

परतताना त्यांनी मला सांगितलं. काही दिवसांपासून बोटांची टोकं बधिर वाटत होती. साडीची पिन लावताना शंका यायची, पण शंकेची समजूत घालणं सोपं असतं. जिथे स्वतःला फसवता येणार नाही अशी परीक्षा त्यांना हवी होती. आज स्टेअरिंगची थरथर हातांना कळलीच नव्हती.

सोमवारी त्यांच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन केलं. बायकोने विचारलं, "तुम्ही करणार होतात ना?" बाई म्हणाल्या, "करणारीपेक्षा बघणारी कडक असते, वहिनी. मी बघणार आहे." भूल चढेपर्यंत त्या तिचा हात धरून उभ्या होत्या.

मध्येच रक्तस्राव सुरू झाला. वाहणारी रक्तवाहिनी डोळ्यांना दिसेना, बोटांनी चाचपून शोधावी लागली. त्या मुलीला ती सापडली. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बाई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मला सापडली नसती." आवाजात दुःख नव्हतं. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

त्यानंतर त्यांनी हातात सुरी धरली नाही. पेशंट तपासत राहिल्या, शिकवत राहिल्या. रविवारी मिस्त्री गाडी चालवायचा, त्या शेजारी बसायच्या आणि त्याच्या चुका काढायच्या. मिस्त्री म्हणायचा, मॅडम चालवत होत्या तेच बरं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. पुतण्याने गाडी पुण्याला नेली. दवाखाना ती विद्यार्थिनी चालवते. मी निवृत्त झालो आहे.

आमच्या घरात अजून आम्ही दोघंही आहोत.