हीटरचा पाइप आणि बारा दहाचा मुहूर्त

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न अकोल्याला होतं. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. आणि सव्वादहाला मी मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभा राहून माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटमधून निघणारी वाफ बघत होतो. मी मुलीचा सख्खा मामा. तिला बोहल्यावर मी न्यायचं होतं.

गाडी तिथेच सोडून बसने गेलो असतो तर वेळेच्या आधी पोचलो असतो. पण भाऊजींसमोर बसने जाणं मला शक्य नव्हतं. भाऊजी वकील, त्यांचे वडीलही वकील. साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना माझी ओळख करून दिली ती अशी, "हे आमचे मेहुणे. भंगारात असतात." मी नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत जुनी यंत्रं विकत घेतो, चालती करतो आणि विकतो. सरकीची पोती पाठीवर वाहण्यापासून इथवर कोणाच्या ओळखीशिवाय आलो. व्याही त्या शब्दावर हसले, आणि मी ताटावरून उठलो नाही एवढंच. लग्नाला स्वतःची गाडी आणतो म्हणालो तेव्हा भाऊजी म्हणाले, "आणा की. ढकलायला चार माणसं सोबत ठेवा म्हणजे झालं."

ही गाडी विलायती, माझ्याहून वयाने मोठी. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदाराच्या गोठ्यात कडब्याखाली पडली होती. दोन वर्षं खपून मी ती रस्त्यावर आणली.

मे महिना होता. बडनेरा मागे पडलं तेव्हाच तापमानाचा काटा चढायला लागला. इंजिन तापलं की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनातलं उकळतं पाणी हीटरमधून फिरतं आणि तेवढी उष्णता गाडीत येते, ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती मला ठाऊक होती. मी हीटरची कळ ओढली. बाहेर लू आणि पायांवर हीटरचा झोत. सदरा पाठीला चिकटला, पण काटा खाली आला. मी स्वतःवर खूश झालो. मूर्तिजापूर ओलांडलं आणि पाण्यातल्या कूलंटचा गोडसर वास आला, मग फट्‌ असा आवाज, आणि समोरची काच पांढरी झाली.

हीटरकडे जाणारा रबरी पाइप तोंडाशी फाटला होता. त्यात पाणी किती वर्षांत फिरलं नव्हतं कोणास ठाऊक. गाडी दुरुस्त करताना अमरावतीच्या मेकॅनिकने सामानाची यादी दिली होती, तिच्यात हे दोन पाइप होते. मीच त्यांच्यावर रेघ मारली होती. "वऱ्हाडात हीटर कोन लावते?" असं त्याला वर सुनावलंही होतं.

हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेजवाला आणि त्याच्याकडे आलेला एक शेतकरी, दोघांनी मिळून गाडी ढकलत नेली. चार माणसं लागली नाहीत.

गॅरेजवाला पन्नाशीचा, सावकाश चालणारा माणूस. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला तसा त्याने माझं मनगट धरलं.

"तोंड भाजून घेता काय? थंडी होऊ द्या."

"मले टाइम नाही."

"इंजिनले घड्याळ समजत नाही, भाऊ. अर्धा घंटा. तुमीबी थंडे व्हा जरासे."

तो शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरकडे वळला. मी पत्र्याखाली येरझाऱ्या घालत राहिलो. पावणेअकराला ताईचा फोन आला.

"कुठं आहेस रे? हे विचारून राहिले."

"मूर्तिजापूरच्या पुढं. गाडी तापली."

मागून भाऊजींचा आवाज आला, मला ऐकू जाईल इतका स्पष्ट. "मुहूर्त थांबणार नाही म्हणावं. खामगावचा मामा आलाय, त्याला उभं करू."

खामगावचा म्हणजे आमचा चुलतभाऊ. माझं डोकं फिरलं. "करा म्हणा," मी ओरडलो, "ज्याले उभं करायचं त्याले करा." आणि फोन बंद केला. तो शब्द तोंडातून गेला तेव्हाच तो परत घेता येणार नाही हे मला कळलं होतं.

इंजिन निवल्यावर गॅरेजवाल्याने दोन्ही पाइप काढून माझ्यासमोर वाकवले. पापडासारखे तुटले.

"हीटरले आता गाडीतून बादच करतो," तो म्हणाला. "इकडून निघालं पानी, सरळ तिकडं. ट्रॅक्टरचा पाइप हाय माझ्यापाशी, मधात तोच जोडतो." त्याने खिळ्यावरचा जाड पाइप काढला आणि पैसे सांगितले.

माझ्या तोंडून निम्मा आकडा निघाला. विचार करून नाही. तीस वर्षांची जीभ ती.

त्याने पाइप परत खिळ्याला अडकवला आणि ट्रॅक्टरखाली जाऊन आडवा झाला.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसलो. नुसते त्याचे पाय दिसत होते. आयुष्यात मी असा कोणाच्या पायांशी बोललो नव्हतो.

"अकोल्याले माह्या भाचीचं लग्न हाय," मी म्हणालो. "बारा दहाचा मुहूर्त. मामा मी हाय."

मग आतून आवाज आला, "मामा हाय आन पाइपाचा भाव करून राहिले?"

"चुकलं."

शेतकरी हसला. गॅरेजवाला बाहेर आला. त्याने पाइपाचा तुकडा कापला, चहाच्या भगोन्यात उकळत्या पाण्यात धरून मऊ केला, दोन्ही तोंडांवर दाबून चढवला आणि क्लॅम्प आवळले. ते आवळताना टॉर्च मीच धरला, कोपरापर्यंत हात इंजिनात घालून. पाणी भरलं, इंजिन चालू केलं. दोघांनी सांध्यांवरून बोटं फिरवून बघितली. कोरडं.

"साठच्या वर नका नेऊ," तो म्हणाला. मी त्याने सांगितलेला आकडा त्याच्या हातावर ठेवला.

अकोल्यापर्यंत माझी नजर काट्यावर होती. साठच्या वर गेलो नाही. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात राहिले आणि मी दात आवळून बसलो. कार्यालयाच्या दारात उतरलो तेव्हा बाराला पाच कमी होते.

वधूच्या खोलीत ताई होती, भाऊजी होते, आणि फेटा बांधून खामगावचा भाऊ. माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत काळं लागलं होतं.

"आता त्यांना तयार केलंय," भाऊजी म्हणाले. "तुम्हीच फोनवर म्हणालात."

मी म्हणालो होतो. ताई जमिनीकडे बघत होती. मी काळे हात पाठीमागे घेतले.

भाची पाटावरून उठली नाही. "मामा, हात धुऊन या," ती म्हणाली. "मी बसली आहे."

"अगं, मुहूर्त..." भाऊजी म्हणाले.

"बाबा, मी बसली आहे."

मी नळावर गेलो. साबणाने अर्धंच निघालं. शालूला डाग नको म्हणून ताईने माझ्या तळव्यावर रुमाल ठेवला आणि भाचीने त्यावर हात दिला. बाहेर गुरुजी मामांना बोलावत होते. आम्ही निघालो. खामगावचा भाऊ मागे आला. फेटा त्याच्याच डोक्यावर राहिला. मी उघड्या डोक्याने बोहल्यावर गेलो, आणि भाऊजींनी मला दुसरा फेटा बांधायला कोणाला सांगितलं नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.