केस गळले नाहीत म्हणून

कॅन्सर झाला याची लाज मले कधी वाटली नाही. लाज वाटे ती माह्या केसायची. जाड वेणी, पहिल्यासारखीच. गावात माह्या आधी एका बाईले कॅन्सरच्या सुया चालू होत्या, तिचं सारं डोकं साफ झालतं. तेच माप लोकायनं धरलं: केस शाबूत म्हणजे बाई ठणठणीत.

यवतमाळच्या डॉक्टरनं मले नीट समजावून सांगतलतं. माहं औषध चरबीच्या फुग्यात भरलेलं, अन् फुगे इतके बारीक की डोळ्याले दिसतच नाहीत. गाठीतल्या रक्तनळ्या गळक्या असतात. तिथं हे फुगे झिरपतात अन् औषध गाठीतच जास्त साचते. म्हून केस बऱ्यापैकी वाचतात. "फक्त हातापायांच्या तळव्यांतही ते थोडं उतरतं," तो म्हणे. "गरम पाणी नको, घासणं नको, उन्हातलं काम नको."

हे गावात कोणाकोणाले सांगत फिरू? बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते साल. वेचाईले मजुरीच्या बाया लावणं परवडत नव्हतं, घरच्याच बाया दिवसभर वावरात. माही मोठी जाऊ सैपाक करे, माहे कपडे धुवे, मंग वेचाले जाय. अन् मी वेणी घालून ओट्यावर! समोर ताट आलं की मान वर होत नव्हती.

एक दिवस शेजारीण म्हणे, "बाप्पा, या कॅन्सरात त लय आराम आहे वं!" बाकीच्या बाया हसल्या. माहं डोकंच फिरलं. जाऊ बाजाराले गेलती, अडवाले घरात कोणी नव्हतं. वावरात गेली, कमरेले कापसाची ओटी बांधली अन् भर उन्हात वेचत सुटली. सुकल्या बोंडाची टोकं बोटाले टोचत होती, तरी बाजूच्या वावरात वेचणाऱ्या शेजारणीच्या पुढं मीच. सकाळी उठली त तळहातावर फोड, मूठ वळेना.

सुईच्या दिवशी जाऊच संग आली. डॉक्टरनं हात पाह्यले. मी तोंड उघडाच्या आत तो तिच्यावरच घसरला, "आजारी बाईकडून कापूस वेचून घेता? लाज नाही वाटत?"

मले साधी ताटली धुऊ न देणारी बाई ते. तिनं पदर सावरला. "चुकलं साहेब, मीच नेलं तिले. आता नाही नेत. पण सुई द्या."

"हात बरे झाल्याशिवाय नाही देता येणार."

"चूक माही, तिची सुई काहून थांबवता?"

पण सुई काही भेटली नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, तुमी काहून आपल्या अंगावर घेतलं?"

"तू सोताहून गेली म्हटलं असतं, त हिले जगायचंच नाही असं समजला असता तो," जाऊ म्हणे. "मंग कायले देईन सुई?"

सारं गाव हसलं तरी इतकी लाज वाटली नव्हती. मले रडू फुटलं. डोळेही पुसता येत नव्हते. तिनंच पदरानं पुसले अन् म्हणे, "चाल, बस जाईन निघून."