शालूच्या शिंका थांबल्या
पोंभुर्ण्याच्या जंगलातून मोहाची फुलं वेचून सकाळीच परत आलो, पण एक गोष्ट सांगावी का नाई, कळून नाई राह्यलं. म्हणून इथं ग्रुपवर लिहिते.

माझी धाकटी जाऊ शालू मोहाच्या दिवसांत सारखी शिंकते. वाघाच्या भीतीनं आम्ही बाया एकमेकींना आवाज देत वेचतो. शालूला आवाज द्यायची गरजच पडत नाही. शिंक ऐकू आली की समजायचं, ती तिकडे आहे.

आज निघताना तिनं मेडिकलमधून आणलेली ॲलर्जीची गोळी घेतली. झोप येते, रात्रीच घ्या, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

"रात्री का मोहा वेचाचा हाय?" ती म्हणाली.

जंगलात थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, शिंका ऐकूच येत नाहीत.

"शालू, ओ दे वं."

दोनतीनदा हाक मारली. आम्ही सगळ्या डबे वाजवत, ओरडत तिच्या झाडाकडे गेलो.

टोपली बाजूला पडलेली आणि शालू खोडाला टेकून गाढ झोपलेली. गदागदा हलवलं तेव्हा जागी झाली.

"कुत्रा तोंड हुंगून राह्यला होता," ती डोळे चोळत म्हणाली. "पण मले डोळेच नाई उघडता आले."

मैत्रिणींनो, असली गोळी घेऊन जंगलात जाऊ नका, हे मी सगळ्यांना सांगतेच आहे. पण आज आमच्यापैकी कोणासोबतच कुत्रा नव्हता. हे शालूला सांगू का?